वाचक विचारतात : चौदा जणांचं तैलचित्र अडलंय

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माडीवर पणजोबांचं जुनं तैलचित्र आहे. त्याच्या जोडीला घरच्या चौदा जणांचं मोठं चित्र काढून घ्यायचं ठरलं. निम्मे पैसे आगाऊ दिले, पण मंडळी पुण्या-मुंबईला असल्याने बैठक जमेना. मोबाईलवरचे फोटो पाठवले, तर 'हा माझा चेहराच नाही' म्हणून काकू रुसल्या. शिवाय पुतण्याचं लग्न ठरायचंय. सुनेसाठी जागा सोडावी का? की चित्रकारच बदलावा? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : चित्रकार बदलण्याआधी मापं तपासा. पूर्ण, म्हणजे माणसाएवढ्या मापात रंगवायचं तर एका माणसाला रुंदीत साधारण दीड फूट लागतो. म्हणजे दोन रांगांत बसवूनही चौदा जणांना दहा-अकरा फूट हवेत. पाऊण मापात आठ फूट रुंद, सहा फूट उंच कॅनव्हास पुरतो. तरी हा सांगाडा वाड्याच्या अरुंद जिन्याने वर जाईल का, हे आजच फूटपट्टी घेऊन पाहा. जात नसेल तर स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवायचा लाकडी सांगाडा, सुटा होणारा, मध्ये आडवा-उभा दांडा आणि कोपऱ्यांत पाचरी असलेला बनवून घ्या. चित्र नीट वाळल्यावर रंगाची बाजू बाहेर ठेवून किमान आठ-दहा इंच व्यासाच्या नळीवर गुंडाळायचं. रंग आत ठेवून गुंडाळलं की थर दबून सुरकुततो.

जोडीचं चित्र म्हटलं की चौकट सारखी करून भागत नाही. डोक्यांचं माप आणि नजरेची रेषा जुळावी लागते. जॉर्ज सिटवेल या इंग्रज सरदाराने 1900 साली सार्जंट या चित्रकाराकडून कुटुंबाचं चित्र काढवलं, तेही घरातल्या, कोप्ली या आधीच्या चित्रकाराच्या जुन्या चित्राला जोड म्हणूनच. पणजोबांच्या चित्राची मापं चित्रकाराला दिलीत का?

आता फोटो. दीड-दोन फुटांवरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे जातात; काकूंची तक्रार खरी आहे. फोटो सात-आठ फुटांवरून, झूम करून काढा. कॅमेरा सगळ्यांसाठी एकाच उंचीवर, साधारण चार फुटांवर ठेवा आणि उजेड एकाच बाजूच्या खिडकीचा घ्या. एकाच्या डाव्या गालावर उजेड आणि दुसऱ्याच्या उजव्या, असं झालं की माणसं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. रंगासाठी मात्र फोटोवर विसंबू नका, इरकलीचा किंवा पैठणीचा काठ प्रत्यक्ष दाखवा. काठाची जर सोनेरी पावडरीने रंगवू देऊ नका. त्यातलं तांबं पुढे काळं-हिरवं पडतं. पिवळी माती, अंबर (तपकिरी मातीचा रंग) आणि पांढऱ्याने जर उत्तम उठते.

सगळ्यांनी एकत्र बसायची गरजच नाही. गोया या स्पॅनिश चित्रकाराने 1800 साली स्पेनचा राजा चौथा कार्लोस याच्या कुटुंबाचं चित्र रंगवायला घेतलं, तेव्हा राजघराण्यातल्या व्यक्तींचे चेहरे आधी सुटे रंगवून घेतले. तुमची मंडळी संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी येतच असतील. तेव्हा एकेकाला तास-दीड तास बसवा, चेहऱ्याचं छोटं सुटं सरावचित्र होतं. त्याच चित्रात युवराजाशेजारी तोंड फिरवलेली एक स्त्री आहे. ती अजून न ठरलेली वधू असावी, असं बरेच जण मानतात. तो मार्ग तुम्ही धरू नका! पुतण्याला कडेला उभं करा आणि शेजारी दीड फूट पडदा किंवा खांब ठेवा. सून नंतर तिथे रंगवता येते.

व्यवहाराचं : घरातून एकानेच बोलावं. कोण कुठे बसणार याच्या कोळशाच्या रेखाटनावर सगळ्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्या. तोवरचे बदल मोफत, रंग लागल्यावर वेगळे पैसे, असं लिहून ठेवा. निम्मे दिलेच आहेत, तेव्हा पुढचा हप्ता चेहरे पूर्ण झाल्यावर आणि शेवटचे दहा टक्के टांगल्यावर द्या.

घाई करवू नका. लवकर वाळावं म्हणून रंगात ड्रायर (वाळवणारं द्रव्य) जास्त घातला, किंवा तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला, की वरचा आधी आवळतो आणि भेगा पडतात. व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळा. पावसाळ्यात जुन्या भिंती ओल धरतात, म्हणून चौकटीमागे चारही कोपऱ्यांत इंचभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा.