महिला व्यावसायिक गोल्फपटू आणि हौशी पुरुष: ड्राइव्ह कुणाचा लांब?

गोव्यातील काणकोणच्या राजबाग किनाऱ्यालगतच्या कोर्सवर रविवारी खेळणारा हौशी पुरुष एलपीजीएच्या (अमेरिकेतील महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या) खेळाडूपेक्षा लांब ड्राइव्ह (होलच्या सुरुवातीचा लांब फटका) मारू शकेल का, असे आपण विचारले आहे. एखादा फटका तसा बसेलही. सरासरीत मात्र तो मागेच राहील. एलपीजीएत सरासरी ड्राइव्ह सुमारे 255 यार्डांचा असतो, तर सामान्य हौशी पुरुषाचा 215 ते 225 यार्डांच्या आसपास रेंगाळतो, आणि गंमत म्हणजे दोघांच्या क्लबहेडचा (काठीच्या टोकाचा) वेग जवळजवळ सारखाच, ताशी 94 मैलांच्या घरात असतो. फरक पडतो तो चेंडू कसा भिडतो त्यात. व्यावसायिक खेळाडूचा क्लब किंचित वर चढत असताना चेंडू त्याच्या मध्यावर बसतो. हौशी खेळाडू बहुधा उतरत्या क्लबने मारतो, त्यामुळे चेंडूला फिरकी जास्त मिळून अंतर घटते, आणि समुद्रावरचा वारा समोरून असला की असा चेंडू हवेतच अडखळतो. अचूकतेतील दरी याहून मोठी आहे: एलपीजीएत दहापैकी सातएक ड्राइव्ह फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर, पडतात, हौशींना निम्मेसुद्धा पुष्कळ वाटतात. मुळात अंतराचे एवढे कौतुक मला पटत नाही; भारताची गोल्फपटू अदिती अशोक लांब फटक्यांसाठी कधीच ओळखली गेली नाही, तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, ती मुख्यतः पटिंगच्या (चेंडू होलमध्ये घालण्याच्या हलक्या फटक्यांच्या) बळावर.