लेख लिहिण्याआधीचा अभ्यास: सुरुवातीला एवढंच सांभाळा

लिहिण्याआधी वाचायचं ठरवलंत, हे उत्तम केलंत.

आधी विषय एका प्रश्नात मांडा. 'मधमाश्या' एवढ्यावर शोध घेता येत नाही. 'मधमाश्या पोळं सोडून का जातात?' यावर येतो.

मग मूळ स्रोतापर्यंत जा. नवखे इथेच सर्वात जास्त चुकतात: एकच दावा दहा ठिकाणी दिसला की तो खरा वाटतो, पण दहाही जणांनी एकमेकांचंच उतरवलेलं असू शकतं. चंद्रावरून चीनची भिंत नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे असंच पसरलेलं, चुकीचं विधान. विकिपीडिया जरूर वाचा, पण तळटीपांतले दुवे उघडण्यासाठी. आकडा दिसला की तो कोणी, कधी, कसा मोजला ते बघा. वर्ष नसलेला आकडा वापरूच नका.

टिपणं काढताना:
- दुवा, तारीख, पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा.
- जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हांत ठेवा. नाहीतर महिन्याभराने ते आपलंच वाटतं आणि नकळत चोरी होते.

आपल्या मताविरुद्धचंही काही चांगलं वाचा. नव्या स्रोतांत तेच तेच येऊ लागलं की लिहायला बसा. संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर सध्या नकोत, एक वही पुरते.