दुडकीची भीती आणि आवळलेले गुडघे

प्रश्न : वय ४२. सहा महिन्यांपासून गंगापूर रोडच्या बाजूला घोडेस्वारी शिकते आहे. दोन महिन्यांपूर्वी दुडकीत, म्हणजे घोड्याच्या हलक्या धावेत, तोल जाऊन पडले. हाड मोडलं नाही, पण आता घोडा कदमावरून (साध्या चालीवरून) दुडकीवर आला की माझे हातपाय आखडतात आणि तो आणखीच पळू लागतो. प्रशिक्षक म्हणतात, “टाच खाली, सैल बसा.” सैल बसायचं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भ्यायलेला माणूस पुढे वाकतो, गुडघे आवळतो. गुडघे आवळले की बैठक खोगिरावरून सुटते आणि टाच वर येऊन घोड्याच्या कुशीला लागते. शिकवलेल्या घोड्याला कुशीवरचा दाब म्हणजे ‘चल पुढं’. त्यात लगाम सतत ओढून धरला की तो त्या ओढीवर मान टाकून रेटतो. बिचाऱ्याला एकाच वेळी दोन उलटे हुकूम मिळतात. टाच मुद्दाम दाबू नका. मांडी खुब्यापासून सैल सोडा, वजन आपोआप टाचेत उतरेल.

पुढचे पाच-सहा धडे लंजिंगवर मागून घ्या. प्रशिक्षक मध्यभागी उभे राहून लांब दोरीवर घोडा गोल फिरवतात. गोलाचा व्यास १५ ते २० मीटर. वेग त्यांनी सांभाळायचा, तुम्ही फक्त बसायचं. घोड्याच्या गळ्यात रिकिबीचा (पाय ठेवायच्या कडीचा) जुना पट्टा बांधून त्यात दोन बोटं अडकवा. तोल गेला तर हात पट्ट्याला लागतो, घोड्याच्या तोंडाला हिसका बसत नाही. दुडकी फक्त १० पावलं, मग कदम, मग पुन्हा १०. अंग आखडायच्या आत थांबायचं, हे यातलं मर्म. दुडकी सुरू होताना श्वास सोडा आणि मोठ्याने ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत दुडकीच्या तालावर खोगिरावर उठबस करा; बोलताना श्वास कोंडता येत नाही. गोलात घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो, म्हणून २० मिनिटं पुरे, आणि निम्म्यात दिशा बदला.

तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, चढण्याआधी तपासाच, पण पाचेक मिनिटं कदमावर चालवून पुन्हा तपासा. पुष्कळ घोडे तंग आवळताना पोट फुगवतात, मग चालताना तो सैल पडून खोगीर सरकतं. पडताना डोकं आपटलं असेल तर हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.

तूर्त मैदान सोडू नका. द्राक्षबागेच्या कडेला पाखरं हाकलायच्या चमकत्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडल्या की शांत घोडाही बुजतो.

प्रश्न : रिकिबीत पाय घातला की घोडा चालू लागतो. काय करू?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : आधी त्याच्या पाठीवरून तळहात दाबत न्या. अंग चोरत असेल तर स्वारी बंद, आधी जनावरांचे डॉक्टर. पाठ ठीक असेल तर दीड फुटाच्या ओट्यावरून चढा. जमिनीवरून चढताना बुटाचं टोक पोटात रुततं आणि खोगीर डावीकडे ओढलं जातं. तो हलला की पाय काढून त्याच जागी परत आणा, उभा राहिला की लगाम ढिला. बसल्यावरही १० अंक मोजा, मगच हाका.