सिग्नल अर्ध्या वेळातच का उतरतो?

प्रश्न: नमस्कार सर, मी एमएस्सी फिजिक्सला आहे, डिचोलीची. प्रोजेक्टमधे टोबॅको मोझॅइक व्हायरसचं (तंबाखूच्या रोपावरचा काडीसारखा लांब व्हायरस) पातळ द्रावण दोन इलेक्ट्रोडच्या मधे ठेवून हाय व्होल्टेजचा पल्स देते, अलीकडे-पलीकडे क्रॉस केलेले (म्हणजे एरवी उजेड अडवणारे) पोलरायझर, हीलियम-निऑन लेझर आणि शेवटी पीएमटी, म्हणजे उजेड मोजणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब. पल्स बंद झाल्यावर उतरणारा सिग्नल एक्स्पोनेन्शियलला फिट केला तर उतरण्याचा टाइम ०.२ मिलिसेकंद येतो, पुस्तकात ०.५ च्या आसपास दिलाय. सॅम्पल खराब झालं का? व्हायरस मोडले असतील?

उत्तर: सॅम्पल टाकू नको गो, आधी हिशोब बघूया.

कधी मालीमच्या जेटीवर उभी राहून बघ, पाण्याला ओढ असली की नांगरलेल्या होड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात आणि ओढ थांबली की वाट्टेल तशा फिरतात, लहान होडी पटकन, लांब ट्रॉलर सावकाश. पल्समधे तुझे ३०० नॅनोमीटरचे व्हायरस असेच ओळीत लागतात, म्हणून द्रावणात बायरिफ्रिंजन्स येतो, म्हणजे दोन दिशांच्या पोलरायझेशनला वेगवेगळा अपवर्तनांक (जॉन केरने १८७५ मधे हा प्रकार आधी काचेत पाहिला) आणि पल्स गेला की तो विस्कटत जातो.

आता गोम इथे आहे. पीएमटीला बायरिफ्रिंजन्स दिसतच नाही, त्याला दिसतो उजेड, आणि क्रॉस पोलरायझरमधनं येणारा उजेड बायरिफ्रिंजन्सच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, निदान सिग्नल लहान असेपर्यंत. एक्स्पोनेन्शियलचा वर्ग केला की तो दुप्पट वेगाने पडतो. म्हणजे तुझे ०.२ खरे ०.४ आहेत! ही चूक माझ्या हातूनही झालीय आणि मी तर दोन आठवडे सॅम्पलला दोष देत बसलो होतो.

उरलेला फरक गोव्याच्या हवेचा. पुस्तकातला आकडा बहुतेक २० डिग्रीचा असणार, आणि आपल्याकडे पंख्याखाली ३० धर. पाण्याची विस्कॉसिटी (दाटपणा) २० ला १.० मिलिपास्कल-सेकंद, ३० ला ०.८, शिवाय गरम पाण्यात धक्केही जास्त बसतात, त्यामुळे ०.५ चे ०.३९ होतात. जुळलं की नाही?

सिग्नलचं वर्गमूळ काढून फिट करता येतं, पण पल्सच्या आधीची बेसलाइन अगोदर वजा कर, नंतर नाही, नाहीतर शेपटी उगाच लांबते. त्याहून बरं म्हणजे सेलच्या पुढे क्वार्टर-वेव्ह प्लेट (पाव तरंगाचा फरक पाडणारी चकती) लाव आणि ॲनालायझर, म्हणजे पलीकडचा पोलरायझर, दोनतीन डिग्री फिरव, मग सिग्नल जवळजवळ सरळ प्रमाणात मिळतो आणि बायरिफ्रिंजन्स प्लस की मायनस तेही कळतं. मग लॉग स्केलवर बघ, सरळ रेघ आली तर एकच लांबी. शेवटी वाकली तर काही व्हायरस टोकाला टोक जोडून बसलेत, दुप्पट लांबीला वेळ दुप्पट नाही तर सहाएक पट लागतो.

अजून एक, पीएमटी थेट ऑसिलोस्कोपच्या १ मेगाओम इनपुटवर लावलाय का? मीटरभर कोॲक्स केबलचे साधारण १०० पिकोफॅरड धरले तर सर्किटचाच टाइम ०.१ मिलिसेकंद होतो, मग वरचा सगळा हिशोब पुन्हा करावा लागेल. स्कोपच्या इनपुटला १ किलोओमचं टर्मिनेशन (समांतर रेझिस्टर) लाव, सिग्नल लहान होईल, होऊ दे. आणि टेम्परेचर भिंतीवरच्या थर्मामीटरचं लिहू नको, पल्स बंद करून सेलमधलं घे, द्रावणात मीठ राहिलं असेल तर पल्समुळे ते तापतं.