गोळी सुरू करण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोठा करून नीट वाचला. डॉक्टरांनी सिगारेट सोडण्यासाठी व्हॅरेनिक्लीन नावाची गोळी लिहून दिलीय. औषध चांगलं आहे. तुझा रूममेट स्वतःची उरलेली स्ट्रिप देतोय म्हणालास, ती मात्र त्याला परत कर. त्याची किडनी, त्याची बाकीची औषधं, त्याचा डोस, यातलं काहीच तुझ्याशी जुळेल असं नाही.

मेंदूत निकोटिन जिथे जाऊन चिकटतं, त्याच जागा ही गोळी अडवून ठेवते आणि थोडी उत्तेजनाही देते. त्यामुळे तलफ मंदावते, आणि मध्येच एखादी ओढलीस तरी पहिल्यासारखी मजा येत नाही. याला वेळ लागतो, म्हणून डोस हळूहळू चढवतात. पहिले ३ दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवशी तीच दोन वेळा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅमची दोन वेळा. एकूण १२ आठवडे. तुझ्या चिठ्ठीवरही हेच आहे. सिगारेट बंद करायची तारीख आठव्या दिवसाच्या आसपास धर. तोवर ओढत असलास म्हणून गोळी लागू पडत नाही असं समजू नकोस.

औषधांच्या दुकानात इतकी वर्षं बसून मी एक पाहिलंय. त्रास होतो म्हणून जितके लोक गोळी सोडतात, तितकेच बरं वाटायला लागलं म्हणूनही सोडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तलफ शमते, मग पुढची स्ट्रिप न्यायला कोणी फिरकत नाही, आणि पुढे कधीतरी हा गडी टपरीवर दिसतो. तू कोर्स पुरा कर. मधे एखाद दिवशी घसरलास तरी गोळी बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग. एखादा डोस चुकला तर आठवल्याबरोबर घे. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून दे. दोन एकदम नाही.

मळमळ बऱ्याच जणांना होते. तुझी सकाळ टपरीवरच्या कटिंगने सुरू होते, पोटात काही नसतं, हे मला माहीत आहे. ही गोळी पोटभर नाश्ता करून, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. रात्रीची जेवणाबरोबर घे, अंथरुणावर पडताना नको, कारण काहींना झोप लागत नाही आणि स्वप्नं फार ठसठशीत पडतात. घाबरू नकोस. गरगरतंय किंवा झापड येतेय का हे पहिले काही दिवस बघ, आणि तोवर बाइक घरी ठेव. चहाही कमी कर. धूर थांबला की शरीरातलं कॅफिन सावकाश निघतं. तेवढेच कप जास्त चढतात आणि दोष गोळीला जातो.

‘या गोळीने डोकं फिरतं’ असं नेटवर वाचलंस ना? त्याला इतिहास आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्यावर मानसिक त्रासाबद्दलची सर्वांत कडक सूचना छापायला लावली होती. पुढे सुमारे ८,००० लोकांवर मोठी चाचणी झाली, त्यात निकोटिन पॅच किंवा नुसत्या खोट्या गोळीच्या तुलनेत असा धोका फारसा वाढलेला दिसला नाही, आणि २०१६ मध्ये ती सूचना काढली. तरी रूममेटला सांगून ठेव: मी विचित्र वागायला लागलो, सारखा चिडायला किंवा गप्प राहायला लागलो, तर मला सांग. जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले, चेहरा-ओठ सुजले, अंगावर पुरळ उठून साल निघायला लागली, छातीत दुखलं किंवा फिट आली, तर गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा. दारू? या गोळीवर काहींना ती भलतीच चढते, आपण काय केलं ते आठवतही नाही. शनिवारची बैठक सध्या रद्द.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. तुला लहानपणापासून दमा आहे आणि त्यासाठी तू थिओफायलिनची गोळी घेतोस. हे डॉक्टरांना सांगितलंस का? फोटोत तसं कुठे दिसत नाही. सिगारेटच्या धुरातला डांबरासारखा भाग यकृताला दम्याचं हे औषध भराभर फोडायला लावतो, म्हणून ओढणाऱ्याला त्याचा डोस जास्त लागतो. धूर बंद झाला की काही दिवसांतच तोच डोस अंगात साठायला लागतो. मग मळमळ, हात थरथरणं, छातीत धडधड. यातली मळमळ तू नव्या गोळीच्या नावावर लिहून मोकळा होशील, हीच मला भीती आहे. म्हणून दम्याच्या गोळीचा डोस कमी करायचा की रक्त तपासायचं, हे डॉक्टर ठरवतील. तू मनाने ती बंद करू नकोस. लहानपणी कधी फिट आली असेल, किडनीचं काही असेल, उदासपणासाठी गोळ्या घेतल्या असतील, तर तेही लाजू नकोस, सांग.

तलफ अनावर झाली तर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी सेवेच्या १८००-११-२३५६ या नंबरावर फोन कर, फुकट आहे. सिगारेटच्या पाकिटावर तो छापलेला असतो, पण तू सुट्ट्या घेतोस, तुला कुठून दिसणार!

उद्या दवाखाना उघडला की दम्याच्या गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम डॉक्टरांना कळव. ते काय म्हणतात ते मला फोनवर सांग, पहिली गोळी त्यानंतर घे.

तुझा,
काका