वाचकांचे प्रश्न : सासूबाईंचं बायबल, माझं बायबल

प्रश्न : काका, सलाम. माझं माहेर नगरचं, आमची मंडळी, म्हणजे चर्च, सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रॉटेस्टंट), लग्न होऊन वसईला कॅथलिक घरात आले त्याला तीन वर्षं झाली. माहेरी रोज सकाळी बाबा अध्याय वाचायचे, ती सवय इथे आल्यावर सुटली, आणि आता कितीदा सुरू केलं तरी लेवीयच्या पुस्तकात येऊन गाडी अडकते. मागच्या महिन्यात सासूबाईंना म्हटलं आपण दोघी मिळून वाचू, तर पहिल्याच आठवड्यात वाद. त्यांच्या बायबलमध्ये तोबीत, मक्काबी अशी पुस्तकं आहेत, मी बोलून गेले की ही खरी बायबलची नाहीत, त्यांना फार लागलं. त्यात धाकटे दीर एका फेलोशिपला, म्हणजे एका स्वतंत्र ख्रिस्ती गटाला, जायला लागलेत, ते म्हणतात तुम्हा दोघींचाही बाप्तिस्मा लहानपणीचा, तो आम्ही धरत नाही. रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना सासूबाई ‘वाईटापासून सोडव’ झालं की आमेन म्हणून थांबतात आणि मी एकटीच पुढचं ‘राज्य, पराक्रम व गौरव’ म्हणत राहते, सगळे माझ्याकडे बघतात. एकत्र वाचावं की आपापलं वाचावं?
— एक सून, वसई

उत्तर : सलाम, मुली. एकत्रच वाचा. पण आधी त्या प्रार्थनेचं बोलू, कारण रोज रात्री तेच टोचत असणार.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, सहाव्या अध्यायात आपण ती शेवटची ओळ वाचतो, पण मत्तयच्या सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ती ओळ नाही, आणि लूकच्या अकराव्या अध्यायात हीच प्रार्थना आहे तिथेही नाही. दुसरीकडे ‘डिडाखे’ नावाचं अगदी सुरुवातीच्या मंडळीचं एक छोटं पुस्तक आहे, त्यात प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी अशीच स्तुतीची ओळ येते, म्हणजे पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक ती म्हणत होते. तेव्हा सासूबाईंनी काही गाळलेलं नाही आणि तूही काही पदरचं घातलेलं नाहीस. आणि रविवारी मिस्साला, कॅथलिक उपासनेला, नीट ऐक, ‘वाईटापासून सोडव’ झाल्यावर फादर मधे एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे लोक मिळून हेच म्हणतात, राज्य, सामर्थ्य, गौरव तुझंच. ओळ त्यांच्या तोंडची आहेच, फक्त मधे एक श्वास आहे. मग घरीही तेवढा श्वास थांब, सासूबाईंना सांग की मिस्सातल्यासारखं पुढचं आपण दोघी मिळून म्हणू. माझी खात्री आहे त्या नाही म्हणणार नाहीत.

आता तोबीत आणि मक्काबी. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, त्यांच्या कॅथलिक बायबलात ७३, फरक मुख्यतः जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा, नवा करार तर २७ च्या २७ तोच. ती सात पुस्तकं ग्रीक बोलणाऱ्या यहुदी लोकांमध्ये जे जुन्या कराराचं भाषांतर चालायचं त्यातून आली. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने १५३४ मध्ये पूर्ण जर्मन बायबल छापलं तेव्हा ही पुस्तकं फेकून दिली नव्हती, दोन्ही करारांच्या मधे वेगळी ठेवली आणि वर लिहिलं की ही पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत पण वाचायला उपयोगी आणि चांगली आहेत. इंग्लिश लोकांच्या १६११ च्या बायबलातही ती होती. कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ती शास्त्राचाच भाग म्हणून पक्की केली. म्हणजे तुझ्या मंडळीचं मत तू सोडायची गरज नाही, पण ‘खरी नाहीत’ हा शब्द मागे घे, सासूबाईंजवळ बसून घे, चहा देताना सहज म्हटल्यासारखा नको. आणि एकदा तोबीत वाच. आंधळा म्हातारा बाप, लांबच्या प्रवासाला निघालेला मुलगा, दाराशी वाट बघणारी आई, आणि सोबत चक्क त्यांचा कुत्रासुद्धा. चौदाच अध्याय आहेत.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नकोस, मला हे फार उशिरा कळलं. माझ्या सख्ख्या बहिणीने कॅथलिक मुलाशी लग्न केलं तेव्हा मी लग्नाला गेलो नाही. गावात असून गेलो नाही. पुढे अकरा वर्षांनी वडील शेवटच्या दुखण्यात होते, मेहुणे रात्री त्यांच्याजवळ बसायचे, आणि वडील म्हणाले एक्कावन्नावं स्तोत्र वाच. मेहुण्यांच्या हातात त्यांच्या घरातलं जुनं इंग्लिश प्रार्थनापुस्तक होतं, त्यात एक्कावन्नावर भलतंच स्तोत्र निघालं. जुन्या कॅथलिक पुस्तकांत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरतात म्हणून पुढचे आकडे बहुतेक ठिकाणी एकाने मागे असतात, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मेहुण्यांनी घाईने पानं मागेपुढे केली, पन्नासावर सापडलं, दाविदाचं पश्चात्तापाचं तेच स्तोत्र. ते इंग्लिशमध्ये वाचत होते आणि वडील डोळे मिटून एकेक ओळ मराठीत म्हणत होते, मी दारात उभा होतो. आत जायला मला दोन मिनिटं लागली.

तर वाचायचं कसं. उत्पत्तीपासून सरळ सुरू करू नका, बहुतेक लोकांचं निर्गमच्या शेवटी निवासमंडपाची मापं आली की मन उडतं आणि लेवीयमध्ये बंदच पडतं, त्यात तुझी चूक नाही. लूकचं शुभवर्तमान घ्या. चोवीस अध्याय, रोज रात्री जेवणं झाली की एक, आज तुझ्या बायबलातून तू मोठ्याने वाच, उद्या त्यांच्यातून त्या वाचतील, दुसरीने आपल्या पुस्तकात बोट ठेवून बघायचं. पहिला महिनाभर अर्थ कोणी सांगायचा नाही. फक्त शब्द वेगळा आला की थांबायचं आणि दोन्ही वाचून बघायचं. आणि बघ गंमत, पहिल्याच अध्यायात तुला जपमाळ भेटेल. रोज संध्याकाळी सासूबाई ‘नमो मारिया’ म्हणतात त्याचा पहिला भाग म्हणजे लूक १ मधलं देवदूताचं अभिवादन, अठ्ठाविसावं वचन, आणि मग अलीशिबा जे मरीयेला म्हणते ते बेचाळिसावं. मारिया आणि येशू ही नावं तेवढी वरून घातलेली. दुसरा भाग, ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’, तो नंतर आलेला, त्यावर तुमचा मतभेद राहील, राहू दे. पण निम्मी प्रार्थना तुझ्या बायबलातली आहे हे तुला आणि सासूबाईंना एकाच वेळी दिसेल, यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही.

शब्द अडले तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ घरात ठेवा. वसईचेच ते, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला, टिपा भरपूर आहेत आणि मराठी अशी की तुझ्या बाबांनाही आवडेल. आणि सासूबाईंच्या लहानपणी घरी बायबल उघडत नसतील तर त्यांना त्याचा दोष देऊ नको. त्यांच्या चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ मध्ये, सगळ्या विश्वासणाऱ्यांनी पवित्र शास्त्र वारंवार वाचावं असं कळकळीने सांगितलं, आणि दुसऱ्या मंडळ्यांबरोबर मिळून भाषांतरं करायलाही मोकळीक दिली. तोवर त्यांच्याकडे वचन मुख्यतः मिस्सातूनच कानावर पडायचं.

दिरांचं. त्यांच्याशी बाप्तिस्म्यावर वाद घालू नकोस, त्यांना वाचायला बोलाव. फेलोशिपची माणसं रोज वाचतात, पाठ करतात, ते बळ घरात आलंय ते वापरा. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही मानतं, तुझा पुन्हा करायला सांगणार नाही. दिरांच्या मंडळीला लहानपणीचा चालत नाही, त्यांचं म्हणणं असं की आधी विश्वास मग पाणी, आणि तेही शास्त्रातूनच म्हणतात. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैचा तुरुंगाचा अधिकारी मध्यरात्री घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतो, दोन्हीकडचे लोक हाच उतारा आपल्या बाजूने काढतात. तो दिरांनाच वाचायला सांग, आणि त्याने त्याच तुरुंगातल्या पौल-सीला या दोन प्रचारकांच्या जखमा धुतल्या त्या ओळीवर जरा थांबा.

एक दुखणं राहतं ते लपवत नाही. रविवारी मिस्साला तू बसशील पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, घेऊ शकणार नाहीस, ते मेज अजून वेगळं आहे. नवऱ्याच्या शेजारी बसून हात मांडीवर ठेवून राहणं सोपं नसतं, मला बहिणीने सांगितलंय. त्या दिवशी रात्री लूक वाचायला मात्र चुकू नकोस.

प्रश्न : मोबाईलवर रोज सकाळी अ‍ॅपमधून दिवसाचं वचन येतं, मी ते वाचतो, स्टेटसला ठेवतो आणि कामाला जातो. तेवढं पुरतं का? पूर्ण अध्यायाला वेळच नसतो.
— एक तरुण, पिंपरी

उत्तर : वचन येतं ते चांगलंच आहे, बंद करू नकोस. पण एक करून बघ. यिर्मया २९:११ तुझ्या स्टेटसला कधीतरी असेलच, तुमच्यासाठी माझ्या मनात हिताचे विचार आहेत, भविष्याची आशा आहे, ते. आता त्याच्या वरचं दहावं वचन वाच. बाबेलमध्ये सत्तर वर्षं काढावी लागतील असं आहे. ते पत्र आहे, घरदार सुटून परक्या मुलखात नेलेल्या लोकांना यरुशलेमहून लिहिलेलं, आणि त्यात सांगितलंय की तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्या शहराचं भलं मागा. ऐकणाऱ्यातले कितीतरी जण परतणार नव्हते. एवढं कळल्यावर ते अकरावं वचन हलकं होत नाही, उलट जड होतं, कंपनीतून काढलेल्या मित्राला पाठवताना मग तू दोनदा विचार करशील आणि त्याच्याकडे जाऊनही येशील.

वेळेचं म्हणशील तर नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच धरले तर बावन्न आठवड्यांत बरोब्बर संपतात, शनिवार-रविवार मोकळे, राहिलेलं भरून काढायला. एक अध्याय म्हणजे पाच-सात मिनिटं, कंपनीच्या बसमध्ये होईल. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत ते एखाद्या ३१ च्या महिन्यात तारखेप्रमाणे वाच.

आणि हे पुस्तक आपल्या भाषेत कसं आलं ते कधी केडगावला जाऊन बघ. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, गावातल्या साध्या बायांना कळावं म्हणून सोपं. तिथे त्यांनी काढलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बायका होत्या, ज्यांना जगाने टाकलं होतं त्या. काम हातावेगळं झालं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता, पण एका चर्चच्या चौकटीत बसायला त्या कधीच तयार नव्हत्या, इंग्लंडच्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातले त्यांनी, आणि मुक्ती मिशनही कुठल्या एका पंथाचं केलं नाही. ख्रिस्ताची आहे एवढं त्यांना पुरत होतं.

प्रश्न : तुम्ही नेहमी ऐक्याचं लिहिता. ऐक्य म्हणजे सगळ्यांचं एकच चर्च करायचं का? आमची एकच मंडळी आहे तीच आतून दोन झाली, जमिनीवरून कोर्टात केस चालू आहे, रविवारी दोन वेळा दोन गटांची उपासना होते आणि एकमेकांच्या मयतीलाही लोक जात नाहीत. कुठल्या तोंडाने ऐक्य म्हणायचं?
— एक निवृत्त शिक्षक, विदर्भ

उत्तर : सर, सलाम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मयतीची ओळ डोक्यातून जात नाही.

एक चर्च होऊ शकतं हे नागपूरनेच पाहिलंय. २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पण ती बोलणी लखनौला सुरू झाली होती १९२९ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षं, किती जण वाट बघत गेले. बिशप असलेले अँग्लिकन आणि बिशप न मानणारे बाप्टिस्ट, ब्रदरेन, सगळे एका छपराखाली यायचे होते. लहान मुलांचा बाप्तिस्मा की विश्वासणाऱ्यांचाच, ह्यावर तोडगा काय काढला तर दोन्ही ठेवले, जे घर जसं मागेल तसं. आणि पाळकांचं खरं कोण खोटं कोण हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मी तुला मान्यता देतो असं एका बाजूने कोणी म्हटलं नाही. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर थांबली, ते दुःखही त्या दिवसात होतं.

त्यामुळे कागदावर एक झालं म्हणजे मनं एक झाली असं मी म्हणणार नाही, तुम्ही तर डोळ्यांनी बघताय. पण प्रेषित पौलाने करिंथच्या ज्या मंडळीला पत्र लिहिलं ती काही वेगळी नव्हती. पहिल्या अध्यायात गट, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा. सहाव्यात कोर्ट, भाऊ भावावर फिर्याद करतो. अकराव्यात प्रभुभोजनाला एक उपाशी आणि एक प्यायलेला. आणि अशा मंडळीला त्याने तेरावा अध्याय लिहिला, जो आपण लग्नपत्रिकेवर छापतो. लग्नासाठी नव्हता तो, भांडणाऱ्यांसाठी होता.

१८ ते २५ जानेवारीला ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह असतो. त्याची वचनं आणि प्रार्थना व्हॅटिकन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस मिळून तयार करतात, १९०८ मध्ये न्यूयॉर्कजवळ सुरू झाला तेव्हा १८ ला पेत्राच्या आसनाचा सण होता आणि २५ ला पौलाच्या परिवर्तनाचा, पेत्रापासून पौलापर्यंत असे ते आठ दिवस. अंत्युखियात हे दोघे तोंडावर भांडले होते, गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पण तुम्ही जानेवारीची वाट बघू नका. केस वकिलांकडे राहू दे, ती तुमच्या-माझ्या हातात नाही. दोन्ही गटांत अशी दोन घरं असतीलच जिथे बायकांचं एकमेकींकडे येणं-जाणं अजून आहे, भाजीची वाटी जाते, पोरं एका शाळेत आहेत. त्या दोन घरांपासून सुरुवात करा. पहिलं करिंथकर सोळा अध्यायांचं आहे, आठ संध्याकाळी त्यांच्या घरी, आठ तुमच्या, वाचायचं आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठायचं. आणि ह्या मधल्या काळात दुसऱ्या गटात कोणाची मयत झाली तर सर, तुम्ही जा. एकटे गेलात तरी चालेल.