“मी बोलते तेव्हा हे माझ्याकडे बघतही नाहीत”

साठीच्या उंबरठ्यावरच्या बायका समुपदेशनाला आल्या की हे वाक्य हमखास येतं. सोबत आलेल्या नवऱ्याचंही उत्तर ठरलेलं असतं, “हिच्या तोंडावर कायम बारा वाजलेले. कोण बोलणार?” समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं आपल्याला कळतं, याची दोघांनाही पक्की खात्री असते. इतकी वर्षं संसार केलाय, एवढं कळणार नाही का?

माझा अनुभव नेमका उलट सांगतो. नव्या जोडप्यात माणूस निदान विचारतो तरी, “काय झालं?” जुन्या संसारात विचारणं बंद होतं, कारण उत्तर माहीत आहे असं वाटत असतं. एका जोडप्याचं सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या विभागात झालेली, आता निवृत्त. काकू तयारीनिशी आल्या होत्या. “मॅडम, मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. माणूस शब्दांतून फक्त सात टक्के बोलतो, बाकी त्र्याण्णव टक्के देहबोली. मग यांचं त्र्याण्णव टक्के मला रोज दिसतंय की! मी बोलायला लागले की डोळ्याला डोळा देत नाहीत. हं हं करतात आणि भलतंच करतात. डॉक्टरांची वेळ सातची सांगितली, तर हे आठच्या हिशोबाने निवांत बसून. मुद्दाम करतात.”

काका गप्प होते. मी पंखा लावायला उठले आणि बोर्डाकडे तोंड करूनच विचारलं, “काका, रस्त्यात त्रास नाही ना झाला?”

“हो, घेतला की घरून. आत्ता नको.”

“बघा!” काकू म्हणाल्या. “लक्षच नाही.”

त्या क्षणी मला लख्ख दिसलं. पुरावा काकूंच्या समोर पडलेला होता आणि त्यांनी त्यावर जुनीच चिठ्ठी चिकटवली होती. खुर्चीत बसून मी काकांकडे नीट पाहिलं. त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हतीच, ती माझ्या ओठांवर होती. हातातला कागद तोंडासमोर धरून मी एक साधा प्रश्न विचारला. काका किंचित पुढे झुकले, हसले आणि मान डोलावली.

“काका, मी आत्ता काय विचारलं?”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, “नाही कळलं. आवाज येतो हो, शब्द सुटतात.”

“मग विचारत का नाही परत?” काकूंचा आवाज चढला होता.

“दोनदा ‘काय’ म्हटलं की तुझा चेहरा असा होतो.” काकांनी कपाळावर आठ्या घालून दाखवल्या. “तुला कंटाळा येतो माझा. मग सोडूनच दिलं विचारणं.”

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो, कंटाळा कसला! माझे वडील शेवटी शेवटी असंच विचारलेलं एक आणि उत्तर दुसरं द्यायचे. त्यांना काही आठवेनासं झालं होतं. तुम्हालाही तेच सुरू झालं की काय, म्हणून पोटात गोळा यायचा माझ्या.”

एकमेकांच्या चेहऱ्यावरच्या खुणा दोघांनीही अचूक टिपल्या होत्या. नजर खरंच डोळ्यांवर नव्हती, आठ्या खरंच पडत होत्या. चुकला होता तो अर्थ. काकूंना त्या नजरेत दुर्लक्ष दिसलं, पण काका ओठ वाचून त्यांना समजून घेण्याची धडपड करत होते. काकांना आठ्यांत कंटाळा दिसला, ती धास्ती होती. खूण डोळ्यांना दिसते, अर्थ मात्र आपण आपल्या मनातून भरतो, आणि मनात जी भीती आधीच बसलेली असते तीच बहुधा तिथे जाते. माझ्या कामातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

काकांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीच्या आलेखात दोन्ही कानांना ४००० हर्ट्झच्या आसपास खळगा निघाला, म्हणजे त्या उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत होते. वर्षानुवर्षं यंत्रांच्या आवाजात काम केलेल्यांत तो नेहमी दिसतो. अशा कानांना स्वर ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी बारीक व्यंजनं निसटतात. ‘सात’मधला स गेला की ‘आठ’ ऐकू यायला कितीसा वेळ लागतो? म्हणूनच ही माणसं ‘मला ऐकू येतं’ असं म्हणतात, आणि ते अगदी मनापासून म्हणतात.

त्या सात टक्क्यांबद्दलही सांगायला हवं, कारण हा आकडा आता घरोघरी भांडणात वापरला जातो. तो अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या छोट्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. सगळ्या संवादाला हा हिशोब लागू नाही, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. शब्द सोडून चेहराच खरा मानायला तो आकडा आधार देत नाही.

माझा स्वतःचा ओढा त्याच काळातला संवादाचा अभ्यासक पॉल वॉट्झलाविक आणि कॅलिफोर्नियातल्या त्याच्या सहकाऱ्यांकडे आहे. गप्प बसणं हाही निरोपच असतो, असं ते म्हणत. आणि ‘तो गप्प म्हणून मी चिडते’, ‘ती चिडते म्हणून मी गप्प’ या साखळीत सुरुवात कुठे झाली ते शोधत बसू नये. कोणीही, कुठलीही एक कडी सोडवावी.

कडी कशी सोडवायची? दिसलेलं आधी सांगा, अर्थ मागून विचारा. “तुम्ही मुद्दाम करता” ऐवजी “मी बोलताना तुमची नजर खाली असते, काय होतं तेव्हा?” आपल्या चेहऱ्याचं कारण आपणच सांगून टाकावं: “मी वैतागले नाहीये, काळजी वाटतेय.” हे अवघडल्यासारखं वाटतं, पण एका वाक्यात महिन्यांचा गैरसमज जातो. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी स्वयंपाकघरातून पाठमोरं बोलू नये. टीव्ही बंद करावा, चेहऱ्यावर उजेड असू द्यावा, खांद्याला हात लावून मग बोलावं. ओरडू मात्र नये. ओरडताना ओठांची ठेवण बदलते, आणि चेहरा रागावलेला दिसतो तो वेगळाच. साठीनंतर कान तपासून घेणं चष्म्याचा नंबर तपासण्याइतकं सरावाचं व्हायला हवं.

काका आता मिळालेलं श्रवणयंत्र दिवसभर लावत नाहीत, संध्याकाळी लावतात. मधले काही आठवडे त्यांच्यात भांडणं चक्क वाढली, कारण साठून राहिलेलं आता ऐकू जात होतं. मला ते शुभलक्षण वाटलं आणि मी त्यांना तसं सांगितलंही.

मात्र प्रत्येक गप्प बसण्यामागे कान नसतात. झोप उडालीय, जेवण सुटलंय, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. तिथे अर्थ लावत न बसता डॉक्टरांना गाठावं. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि कोणी तुम्हाला नमवण्यासाठी, माफी मागेपर्यंत दिवसचे दिवस अबोला धरत असेल, तर तिथे समजून घेण्याची जबाबदारी तुमची एकट्याची नाही. “तू बोलायला तयार झालास की मी आहे” एवढं एकदा स्पष्ट सांगावं, मनधरणी थांबवावी आणि आपली कामं, आपली माणसं सुरू ठेवावीत.